वायबीसीओच्या वड्या आणि इलेक्ट्रॉनांचा हिशेब: कामाच्या नोंदी

यट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचा अतिवाहक, म्हणजे वायबीसीओ, प्रयोगशाळेत भाजून काढणं आता नवं नाही. अतिवाहक म्हणजे पुरेसा थंड केला की विजेला रोध न करणारा पदार्थ; त्यावर चुंबक तरंगतो. चुंबक तरंगला की बहुतेक जण तिथेच थांबतात. आम्हाला पुढचं बघायचं होतं: या काळ्या वडीत इलेक्ट्रॉन नेमके कशाला जुमानतात आणि कशाला जुमानत नाहीत. त्यासाठी एकच कृती धरून तिच्यात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक वडीचा रोध तापमानानुसार मोजायचा, असं ठरवलं. हेच करू पाहणाऱ्यांचा वेळ वाचावा म्हणून जे बिघडलं तेही इथे लिहिलं आहे. भट्टीची तापमानं सेल्सिअसमध्ये, मोजणीची केल्विनमध्ये.

२ जून: वजनं

एका घाण्याला ०.०१ मोल. यट्रियम ऑक्साइड १.१२९ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ३.९४७ ग्रॅम, कॉपर ऑक्साइड २.३८६ ग्रॅम, एकूण ७.४६२. अणूंचं प्रमाण १:२:३, म्हणून या पदार्थाला ‘१२३’ म्हणतात.

वजन करण्याआधी यट्रियम ऑक्साइड ९०० अंशांवर दोन तास तापवून घ्या. उघड्या बाटलीतली पूड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड धरून बसते. वजन बरोबर दिसतं, पण अणू कमी भरतात. बेरियम कार्बोनेट विषारी आहे, मास्क आणि हातमोजे काढायचे नाहीत. खलात कोरडी पूड घोटण्यापेक्षा थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून घोटलेलं बरं: पूड उडत नाही आणि मिश्रण लवकर एकजीव होतं. पांढरे ठिपके दिसेनासे होऊन सगळं एकसारखं करडं होईपर्यंत घोटायचं. इथे घाई केली की पुढच्या भाजण्या वाढतात.

मुशीसकट वजन लिहून ठेवलं. याचा उपयोग पुढे कळेल.

४ जून: पहिली भाजणी, हिरवा गाभा

९२० अंश, १२ तास, हवेत. मूस बाहेर काढली तेव्हा वरून काळी पूड छान दिसत होती. ढेकूळ फोडलं तर आत हिरवट. तो हिरवा रंग म्हणजे ‘२११’ प्रावस्था: यट्रियम दोन, बेरियम एक, तांबं एक. तिच्यात अतिवाहकता नाही.

रंगापेक्षा तराजू जास्त खरं सांगतो. एवढ्या मिश्रणातून सगळं कार्बोनेट फुटलं तर ०.८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड जायला हवा. आमचं वजन ०.६९ ने उतरलं होतं. म्हणजे पाचव्या हिश्श्याहून जास्त कार्बोनेट तसंच होतं. हे उरलेलं कार्बोनेट पुढे वडीतल्या बारीक स्फटिककणांच्या सीमांवर जाऊन बसतं आणि तिथे प्रवाह अडवतं. चुंबक तरंगतो, पण रोध शून्याला येत नाही. पुष्कळांच्या वड्या याच पायरीवर फसतात आणि दोष मोजणीला दिला जातो.

७ जून: पुन्हा घोटणं, पुन्हा भाजणं

पूड पूर्ण दळली, मुशीत दाबून न भरता पातळ पसरली, पुन्हा ९२० अंश. थर पातळ असला की वायू सुटायला वाट मिळते. भाजून झाल्यावर वजन ६.६२ ग्रॅम भरलं. हिशेबाने एका यट्रियममागे ऑक्सिजनचे अणू ६.५ असतील तर ६.५८ आणि ७ असतील तर ६.६६ यायला हवं. पुढेही ‘ऑक्सिजन’चा आकडा याच अर्थाने. आकडा मध्ये आहे, म्हणजे कार्बोनेट संपलं. पूड सगळीकडून काळी, घोटली तरी हिरवी छटा नाही.

१० जून: वडी दाबणं आणि भट्टीचा फटका

१३ मिलिमीटरचा साचा, दोन ग्रॅम पूड, पाच टन दाब. दाब मिनिटभर धरून हळू सोडायचा. झटक्यात सोडला की वडी आडवी पापुद्र्यासारखी सुटते.

तापमान ९४० लावलं होतं. वडी ॲल्युमिनाच्या ताटलीला चिकटून अर्धी पसरली. कारण शोधायला दुसरं थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) वडीशेजारी ठेवलं: भट्टीचं स्वतःचं थर्मोकपल भिंतीला टेकलेलं आणि मधली जागा त्याच्यापेक्षा बरीच गरम. १२३ हवेत हजार अंशांच्या थोडं वर वितळायला लागतं, आणि बेरियम-तांब्याचे जादा अंश त्याच्याही बरेच आधी. म्हणून भट्टीचा आकडा न मानता वडीशेजारचा आकडा माना. ताटलीवर आधी त्याच पुडीचा थर पसरून त्यावर वडी ठेवली की ॲल्युमिनाशी विक्रिया होत नाही. खालची पूड वाया जाते, वडी वाचते.

१३ जून: ऑक्सिजन

९४० अंशांवर १६ तास, ऑक्सिजनच्या संथ झोतात. मग मिनिटाला एक अंश या गतीने ४५० पर्यंत उतरवून तिथे २० तास, नंतर भट्टी बंद. सगळ्यात खर्चिक पायरी ही: सिलिंडर भराभर संपतो आणि भट्टी दोन दिवस अडकते. तरी ती गाळू नका. ९४० अंशांवर स्फटिकातला बराच ऑक्सिजन बाहेर गेलेला असतो. तो परत येतो ५०० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात. त्याहून गरम असताना तो टिकत नाही, त्याहून थंड असताना आत सरकत नाही. झोत मोठा ठेवून काही मिळत नाही, वेळ द्यावा लागतो. ऑक्सिजनच्या नळीला, सांध्यांना तेल किंवा ग्रीस लागता कामा नये.

१६ जून: पहिलं बुडवणं

द्रव नायट्रोजन ७७ केल्विन. वडीवर लहान निओडिमियम चुंबक तरंगला.

१९८६ मध्ये बेडनोर्झ आणि म्युलर यांना लँथेनमच्या कॉपर ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या पुढे अतिवाहकता दिसली, त्यानंतर १९८७ मध्ये वायबीसीओ ९० च्या वर गेलं. त्याआधीचा विक्रम २३ केल्विनचा, म्हणजे द्रव हेलियम किंवा हायड्रोजनशिवाय काम नव्हतं. आपण आज साध्या नायट्रोजनवर हे मोजू शकतो ते या झेपेमुळे.

एक सावधगिरी. थंड वडी हवेत काढली की तिच्यावर दव जमतं, आणि वायबीसीओला पाणी चालत नाही: बेरियम सुटून पृष्ठभागावर पांढरी साय येते. बाहेर काढलेली वडी सिलिका जेल असलेल्या बंद डब्यात गरम होऊ द्यावी. नायट्रोजनचं काम खिडक्या उघडून करा. कोंडलेल्या खोलीत तो ऑक्सिजन ढकलून देतो आणि माणसाला त्याचा वास येत नाही.

१९ ते २४ जून: जोडण्या

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

वडीतून २ × २ × १० मिलिमीटरची कांडी कापली. डायमंड ब्लेड, वंगण म्हणून पाणी नाही, अल्कोहोल. चार तारा: टोकाच्या दोन प्रवाहासाठी, आतल्या दोन व्होल्टेजसाठी, आतल्या दोनमधलं अंतर ५ मिलिमीटर. दोनच तारा लावून साध्या मीटरने मोजलं तर जोडणीचाच रोध मोजला जातो. कांडीचा रोध ओहमचा पन्नासावा भाग, जोडणीचा कित्येक ओहम.

पहिल्या जोडण्या चांदीची पेस्ट लावून नुसत्या वाळवल्या होत्या. एकेका जोडणीचा रोध शंभर ओहमच्या पुढे. १० मिलीअँपिअर सोडले की तिथे १० मिलीवॉट उष्णता, आणि कांडी थर्मामीटरपेक्षा गरम. आलेखात संक्रमण, म्हणजे रोध शून्याकडे कोसळतो तो टप्पा, पसरट आणि खाली सरकलेलं दिसत होतं. कुणीही म्हणेल की नमुनाच वाईट आहे. उपाय असा निघाला: कांडीच्या पृष्ठभागाचा थर काचपेपरने खरवडायचा, लगेच चांदी लावायची, आणि ऑक्सिजनमध्ये तापवून चांदी आत बसवायची. त्यानंतर परत ४५० अंशांचा मुक्काम. जोडणीचा रोध एका ओहमच्या खाली आला.

दुसरी भानगड तारांची. वेगवेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला असले की स्वतःच मायक्रोव्होल्ट निर्माण करतात. प्रवाह बंद असतानाही मीटरवर चार मायक्रोव्होल्ट दिसत होते, तेही सरकते. प्रवाह एकदा सुलट, एकदा उलट सोडून दोन वाचनांतल्या फरकाचा अर्धा घ्यायचा, एवढ्याने हा प्रश्न मिटतो.

तिसरी: थंड करताना आणि गरम करताना दोन निराळे आलेख यायचे, त्यांत पाच-सहा केल्विनचं अंतर. प्लॅटिनमचा थर्मामीटर (पीटी-१००) कांडीपासून दूर होता. तांब्याच्या ठोकळ्यावर पातळ कागद आणि वार्निशने दोन्ही शेजारी चिकटवले, ठोकळा लोकरीत गुंडाळला आणि नायट्रोजनच्या पातळीच्या वर लटकवून हळूहळू गरम होऊ दिला. पीटी-१०० नायट्रोजनमध्ये २०.३ ओहमच्या आसपास दाखवायला हवा. दाखवत नसेल तर आधी तो तपासा.

२६ जून: पहिला स्वच्छ आलेख

३०० केल्विनला १९ मिलीओहम. २०० ला १३.२. १०० ला ७.४. ९३ च्या आसपास रेघ कोसळायला लागली आणि ८९ ला वाचन मीटरच्या तळाशी गेलं. आमचा मीटर ०.१ मायक्रोव्होल्टपेक्षा कमी दाखवत नाही, म्हणून रोध १० मायक्रोओहमच्या खाली आहे इतकंच या मीटरवरून म्हणता येतं.

सगळे त्या कोसळण्याकडे बघतात. मला वरची सरळ रेघ जास्त विलक्षण वाटते. ३०० पासून १०० पर्यंत पट्टी ठेवावी अशी सरळ. तांब्याच्या तारेतही या टप्प्यात रोध जवळजवळ सरळच उतरतो, त्यामुळे यात काय विशेष असं वाटेल. पण तांब्यात रोध येतो अणूंच्या कंपनांवर इलेक्ट्रॉन आदळल्यामुळे, आणि फार थंड झाल्यावर रेघ वाकते. कॉपर ऑक्साइडांमध्ये १००० केल्विनच्या पुढेपर्यंत मोजणी झाली आहे, तरी रेघ सपाट होत नाही. त्या रोधावरून हिशेब मांडला तर दोन धडकांमधलं अंतर एका अणूपासून शेजारच्या अणूपर्यंतच्या अंतराइतकं किंवा त्याहून कमी निघतं. मग धडक कशाची आणि धावणारा कण कुठला? सुटे इलेक्ट्रॉन मधूनच आपटत जातात हे चित्र इथे लागू पडत नाही. ते सगळे एकमेकांत गुंतून वाहतात. या अवस्थेला विचित्र धातू म्हणतात आणि तिचं सर्वमान्य स्पष्टीकरण अजून झालेलं नाही. प्रयोग करणाऱ्याने ९० च्या खालची उडी मोजून थांबू नये, हे याच्यासाठी.

३ जुलै: ऑक्सिजन काढून घेतला

आता मुख्य प्रयोग. त्याच घाण्यातली दुसरी कांडी ९०० अंशांवर हवेत तापवून एकदम तांब्याच्या जाड, थंड पत्र्यावर टाकली, म्हणजे ऑक्सिजनला परत शिरायला वेळच मिळू नये. पहिल्या प्रयत्नात कांडीचे तडकून तुकडे झाले. जाडी दीड मिलिमीटरवर आणली आणि पत्रा थोडा कोमट ठेवला तेव्हा अखंड राहिली.

दिसायला तीच काळी कांडी. यट्रियम, बेरियम, तांबं, एकही अणू हललेला नाही. रोध मात्र खोलीच्या तापमानालाच दीड ओहमच्या घरात, आणि थंड करत नेलं तसा उतरण्याऐवजी वाढत गेला. ७७ ला कैक पटींनी जास्त. धातूचा विद्युतरोधक झाला. इथे प्रवाह १० मायक्रोअँपिअरवर आणा, नाहीतर नमुना स्वतःच तापतो.

कारण इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत आहे. या स्फटिकात तांबं आणि ऑक्सिजन यांची सपाट पातळी असते आणि सगळा व्यवहार तिच्यात चालतो. पातळीतल्या प्रत्येक तांब्यावर बाहेरच्या कक्षेत एकेक सुटा इलेक्ट्रॉन. नेहमीच्या हिशेबाने हा धातूच व्हायला हवा. पण एकाच तांब्यावर दोन इलेक्ट्रॉन आले तर त्यांच्यातलं प्रतिकर्षण इतकं मोठं की कुणी जागा सोडत नाही. गच्च भरलेल्या रांगेत एखादी खुर्ची रिकामी झाल्याशिवाय कुणालाच सरकता येत नाही, तसं. मग उरतं ते स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा स्वतःचा इवलासा चुंबकपणा, आणि शेजाऱ्यांचे स्पिन एकाआड एक उलट लागतात. ऑक्सिजन सहाच्या जवळ असताना ही चुंबकीय मांडणी ४०० केल्विनच्या वरही टिकते.

ऑक्सिजन परत आला की तो पातळीच्या बाहेरच्या साखळ्यांत बसतो आणि इलेक्ट्रॉन ओढून घेतो. पातळीत रिकाम्या जागा, म्हणजे होल, तयार होतात. एका तांब्यामागे साधारण ०.१६ होल असले की संक्रमणाचं तापमान सर्वात वर जातं. याहून कमी तरी उतरतं, जास्त तरी उतरतं.

७ जुलै: तीच कांडी परत

रोधक झालेली तीच कांडी ऑक्सिजनमध्ये ४५० अंशांवर ३० तास ठेवली. बाकी काही नाही. परत मोजली: सरळ रेघ, ९२ ला उतार, ८८ ला शून्य. या सगळ्या कामातली ही मोजणी मला सर्वात मोलाची वाटते. नव्या वडीशी तुलना केली तर शंका राहते की भाजणी वेगळी झाली असेल, कण वेगळे असतील. इथे नमुना एकच, फक्त ऑक्सिजन काढला आणि घातला. जोडण्या तापल्यामुळे त्या मात्र नव्याने कराव्या लागतात, त्यासाठी वेळ धरून ठेवा.

११ जुलै: मधली वडी

६०० अंशांवरून झटक्यात थंड केलेली कांडी. ७७ पर्यंत शून्य नाही. रोटरी पंपाने नायट्रोजनवरची वाफ ओढून ६३ केल्विनपर्यंत गेलो (त्याखाली नायट्रोजन गोठतो), तिथे रोध उतरायला लागलेला दिसला. अपेक्षेप्रमाणेच, ऑक्सिजन ६.६ च्या आसपास असलेल्या वायबीसीओचं संक्रमण ६० च्या जवळ असतं.

वरच्या भागात रेघ सरळ राहिली नाही, २०० च्या आसपासपासून खाली झुकली. कमी होल असलेल्या कॉपर ऑक्साइडांत संक्रमणाच्या कितीतरी वरच इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांमध्ये अर्धवट दरी पडते. तिला स्यूडोगॅप म्हणतात आणि रोधाची रेघ झुकणं हे तिचं एक लक्षण. पण आमच्यासारख्या भाजलेल्या वडीत कणसीमांचा आणि पातळ्यांना आडव्या दिशेचा रोधही मिसळलेला असतो. तेव्हा या आलेखावरून स्यूडोगॅपचं तापमान काढू नका. त्याला एकस्फटिक लागतो.

आणखी एक: ही कांडी खोलीच्या तापमानाला ठेवली तर तिचे गुण काही दिवस बदलत राहतात, कारण आतला ऑक्सिजन साखळ्यांत हळूहळू मांडणी लावून घेतो. लगेच मोजा किंवा आठवडाभर थांबून मोजा, पण वहीत कधी मोजलं ते लिहा.

१६ जुलै: किती प्रवाह पेलतो

चांगल्या कांडीतून प्रवाह वाढवत नेला. पाच अँपिअरच्या जवळ व्होल्टेज दिसायला लागलं. एक चौरस सेंटिमीटरमागे सव्वाशेच्या आसपास. छोटा चुंबक जवळ आणला तर हीच मर्यादा निम्म्याहून खाली. प्रवाह फक्त क्षणभर सोडायचा, नाहीतर जोडण्या नायट्रोजनला उकळी आणतात.

चांगल्या एकसंध थरात ७७ केल्विनला हाच आकडा दहा लाखांच्या पुढे जातो. मग वडीत इतका कमी का? अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोड्यांनी वाहतात. जोडीतल्या दोन इलेक्ट्रॉनांचा पसारा या पदार्थात पातळीच्या दिशेने दीड नॅनोमीटरच्या आसपास, आडव्या दिशेला त्याहूनही कमी. ॲल्युमिनियममध्ये तो हजार नॅनोमीटरच्या पुढे असतो. एवढ्याशा जोडीला दोन कणांमधली एक-दोन नॅनोमीटरची बिघडलेली सीमाही मोठी दरी वाटते. त्यात शेजारचे कण तिरके बसलेले. पहिल्या भाजणीत उरलेलं कार्बोनेट नेमकं इथेच नडतं.

२४ जुलै: यट्रियमच्या जागी गॅडोलिनियम

१.८१३ ग्रॅम गॅडोलिनियम ऑक्साइड, बाकी सगळं तसंच. गॅडोलिनियमच्या प्रत्येक आयनाला सात सुटे इलेक्ट्रॉन, म्हणजे जबर चुंबकीय अणू. साध्या अतिवाहकात असे चुंबकीय अणू टक्काभर मिसळले तरी जोड्या मोडतात आणि अतिवाहकता मरते. इथे तर यट्रियमच्या जागी शंभर टक्के तेच.

आलेख: ९३ ला उतार, ९० ला शून्य. फरक नाहीच म्हणायचा.

गॅडोलिनियम दोन पातळ्यांच्या मधोमध बसतो, पण पातळीतल्या इलेक्ट्रॉनांशी त्याचा संबंध फार क्षीण. त्यांच्या दृष्टीने तो केवळ अंतर राखणारा खांब आहे. बहुतेक दुर्मिळ मृदा धातूंचं असंच. प्रासिओडिमियम हा ठळक अपवाद.

१ ऑगस्ट: तांब्याच्या जागी तीन टक्के जस्त

कॉपर ऑक्साइड २.३१५ ग्रॅम, झिंक ऑक्साइड ०.०७३ ग्रॅम. इतकं थोडं जस्त एकसारखं मिसळणं अवघड. एका घाण्यात कुठे जास्त कुठे कमी राहिलं आणि संक्रमण दोन पायऱ्यांत उतरलं. झिंक ऑक्साइड आधी फक्त कॉपर ऑक्साइडबरोबर बराच वेळ घोटून मग बाकीचं घातलं, भाजणीही एक वाढवली. मग आलेख एकसारखा आला.

जस्ताला स्पिन नाही. कक्षा पूर्ण भरलेली, चुंबकीय दृष्ट्या मुका अणू. साध्या अतिवाहकात असे अणू मिसळले तर संक्रमणाच्या तापमानाला फारसा धक्का लागत नाही. आणि इथे? ७७ ला रोध तसाच, चुंबक तरंगला नाही. ६३ पर्यंत उतरलो तरी रेघ फक्त खाली वळली, शून्य नाही. वरची सरळ रेघ मात्र जवळपास त्याच उताराची, नुसती उचलून वर ठेवलेली.

गॅडोलिनियमचा आणि जस्ताचा आलेख एका कागदावर काढा. पहिला अणू बलाढ्य चुंबक, पण पातळीच्या बाहेर. दुसरा निरुपद्रवी वाटणारा, पण पातळीच्या आत. जोड्या कुठे राहतात ते या दोन रेघा सांगतात. आणि जस्त इतकं का नडतं, हे जोडीच्या आकारावरून कळतं. साध्या अतिवाहकात जोडीची तरंगरचना सगळ्या दिशांना एकाच चिन्हाची असते, त्यामुळे आदळून दिशा बदलली तरी बिघडत नाही. इथे ती चार पाकळ्यांची, लागोपाठच्या पाकळ्यांचं चिन्ह उलट. १९९४ मध्ये त्सुएई आणि कर्टली यांनी तीन तिरक्या स्फटिकांच्या सांध्यावर वायबीसीओचं कडं करून त्यात अर्धा फ्लक्स क्वांटम (अतिवाहक कड्यात एरवी अडकणाऱ्या चुंबकीय फ्लक्सचा सर्वात लहान हिस्सा) अडकलेला दाखवला. चिन्ह बदलल्याशिवाय अर्धा मिळत नाही. जस्तावर आदळलेला इलेक्ट्रॉन अधिकच्या पाकळीतून उण्याच्या पाकळीत जातो आणि हिशेब वजा होतो. २००० मध्ये बिस्मथच्या कॉपर ऑक्साइडवर सूक्ष्मदर्शकाच्या सुईने एकेका जस्ताभोवतीचा हा बिघाड प्रत्यक्ष पाहिला गेला, फुलीच्या आकारात.

९ ऑगस्ट: शंका आणि टायट्रेशन

एक शंका उरली होती. जस्ताच्या वडीने ऑक्सिजनच कमी घेतला असेल तर? मग होल कमी, आणि सगळा निष्कर्ष कोसळला. म्हणून आयोडीन टायट्रेशनने ऑक्सिजन मोजला. पद्धत स्वस्त आहे, तराजू आणि ब्युरेट पुरतं.

पूड दोन भागांत. पहिला भाग आम्लात विरघळवून उकळायचा, म्हणजे जादा होल संपून सगळं तांबं दोन संयुजेचं होतं. मग पोटॅशियम आयोडाइड. दुसरा भाग थेट आयोडाइड असलेल्या आम्लात विरघळवायचा, म्हणजे होलही आयोडीन सोडतात. दोन्हींना लागणाऱ्या थायोसल्फेटचं दर ग्रॅममागचं गुणोत्तर वजा एक, हेच एका तांब्यामागचे होल. ऑक्सिजन म्हणजे ६.५ अधिक त्याची दीडपट. जस्ताच्या वडीत दीडऐवजी १.४५५ घ्या, कारण तांबं तितकं कमी आहे.

सुरुवातीचे आकडे जास्त येत होते, अगदी सातच्या वर. हवेतला ऑक्सिजन आम्लात आयोडाइडचं आयोडीन करत होता. द्रावणातून आधी वीस मिनिटं आणि मग टायट्रेशन संपेपर्यंत नायट्रोजन सोडत राहिल्यावर आकडे स्थिरावले. शेवटाजवळ थोडं थायोसायनेट घाला. पांढऱ्या साक्याला चिकटलेलं आयोडीन सुटतं आणि स्टार्चचा निळा रंग एका थेंबात जातो.

साधी वडी: गुणोत्तर १.२७, ऑक्सिजन ६.९०. जस्ताची: १.२६, ऑक्सिजन ६.८८. ९०० अंशांवरून थंड केलेली: ०.८५, ऑक्सिजन ६.२८. (हे सगळे होल पातळीतले नव्हेत. निम्म्याच्या आसपास साखळ्यांत असतात, म्हणून हा आकडा ०.१६ शी थेट जुळवू नका.)

साध्या आणि जस्ताच्या वडीतला ०.०२ चा फरक आमच्या पद्धतीच्या चुकीच्या मर्यादेत बसतो. ऑक्सिजन तोच, म्हणजे तापमान उतरवलं ते जस्तानेच. पुढच्या घाण्यात जस्त एक टक्का ठेवतो आहे. संक्रमण ७७ च्या वर राहील, म्हणजे पंप न लावता पूर्ण आलेख नायट्रोजनवरच मिळेल.